एका नॅनोची आग, सत्तर हजारांचा हिशेब

उन्हाळा तापला की सुरतच्या पेपरांत एक बातमी ठरलेली. उधन्याच्या किंवा वराछ्याच्या रस्त्यावर चालत्या मोटारीने पेट घेतला, चालक वेळेत उतरला म्हणून बचावला. वर ज्वाळांचा फोटो, खाली ‘शॉर्ट सर्किट झाल्याचा अंदाज’. त्या अंदाजाचं पुढे काय झालं, ते सहसा छापून येत नाही.

2010 साली अशाच एका फोटोने एका गाडीचं नशीब फिरवलं. मार्च महिन्यात मुंबईत शोरूममधून घराकडे निघालेली कोरी करकरीत टाटा नॅनो वाटेतच जळाली. ‘लाखाची गाडी’ म्हणून गाजलेली नॅनो बाजारात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. त्याआधी 2009 मध्ये अहमदाबाद, लखनऊ आणि दिल्लीत तीन नॅनोंच्या स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून धूर निघाला होता. पश्चिम बंगालातलं सिंगूर सोडून गुजरातेत साणंदला आलेल्या नॅनोच्या कारखान्याचं उद्घाटन जून 2010 मध्ये झालं, पण आगीच्या बातम्या काही थांबल्या नाहीत. जुलैमध्ये नऊ हजारांच्या घरात असलेली विक्री नोव्हेंबरमध्ये 509 वर आली.

त्याच नोव्हेंबरात कंपनीने सत्तर हजारांहून अधिक मालकांना एक्झॉस्ट आणि वायरिंगसाठी जादा संरक्षण फुकट बसवून देऊ केलं. मात्र याला रिकॉल म्हणायचं नाही, असं बजावून. कंपनीच्या मते आगीची कारणं त्या त्या गाडीपुरती होती: कुठे बाहेरून बसवलेलं विद्युत उपकरण, कुठे एक्झॉस्टवर राहून गेलेली वस्तू.

आता हिशेब करू. पेपरांत आलेल्या घटना साधारण अर्धा डझन, रस्त्यावरच्या गाड्या सत्तर हजार. म्हणजे दर बारा हजारांत एक. अमेरिकेत वर्षाला दीड ते दोन लाख गाड्यांना आग लागते आणि तिथे गाड्या आहेत पंचवीस कोटींच्या आसपास, म्हणजे साधारण दर दीड हजारांत एक. मग नॅनो उलट जास्त सुरक्षित होती का? तसं म्हणता येत नाही. अमेरिकेत जळणाऱ्या गाड्या बहुतेक जुन्या असतात. रबर कडक झालेल्या, तेल गळणाऱ्या, वायरिंगला चार जणांचे हात लागलेल्या. शोरूममधून निघालेली गाडी पेटते तेव्हा तिची तुलना इतर कोऱ्या गाड्यांशीच व्हायला हवी, आणि ते आकडे आपल्याकडे कुणी गोळाच केलेले नव्हते.

हा गोंधळ सुरतकरांना ओळखीचा वाटायला हवा. सप्टेंबर 1994 मध्ये प्लेगच्या बातमीने काही लाख माणसं या शहरातून रेल्वे, ट्रक, मिळेल त्या वाहनाने पळाली. खानदेशातून येऊन इथे लूमवर काम करणारी कुटुंबंही गावाकडे परतली. अधिकृत मृत्यू मात्र पन्नासच्या आसपास होते. भीती खोटी नव्हती, पण रुग्ण किती, संशयित किती, कुठल्या वस्तीत किती, याचा रोजचा आकडा हाताशी नव्हता आणि ती जागा अफवांनी घेतली. पुढच्या वर्षी आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांचं कौतुक झाडलोटीसाठी झालं. पण दवाखान्यांतून रोजच्या रोज रुग्णसंख्या गोळा करण्याची सवय या महापालिकेला लागली, ती झाडलोटीइतकीच मोलाची आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मोटारीतला दोष शोधणं हेही साथरोगशास्त्रच. एक तक्रार म्हणजे एक रुग्ण. त्याच मॉडेलच्या, त्याच महिन्यात बनलेल्या गाड्यांमधून तीच तक्रार किती वेळा आली, ते कळल्याशिवाय साथ आहे की योगायोग, हे सांगता येत नाही.

‘शॉर्ट सर्किट’ या उत्तरातही अर्धीच गोष्ट असते. खरा शॉर्ट झाला की प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज उडतो. फ्यूज असतोच त्यासाठी. जास्त कपटी असतो तो लूज कॉन्टॅक्ट. समजा, एका जोडाचा रोध 0.1 ओहम झाला आणि त्यातून 10 अँपिअरचा नेहमीचाच प्रवाह वाहतोय. जूलच्या नियमाने प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे 10 वॅट उष्णता, तीही टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत. फ्यूजला यात काहीच वावगं दिसत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नाही. बाजूचं प्लास्टिक मात्र हळूहळू काळं पडत जातं. सुरतच्या लिंबायतमध्ये मिठी खाडीचं पाणी घरात शिरतं, तसंच ते उभ्या गाड्यांच्या कनेक्टरमध्येही शिरतं. पूर ओसरतो, तांब्यावर हिरवट थर राहतो आणि रोध वाढतो. त्यात मूळ वायर कापून जादा हॉर्न, म्युझिक सिस्टीम नाहीतर सीएनजी किट जोडलेलं असेल तर विचारायलाच नको. म्हणजे कंपनीचं म्हणणं विज्ञानाच्या दृष्टीने अशक्य नव्हतं. पण घरी पोचण्याआधीच पेटलेल्या गाडीला ते किती लागू पडतं, हा प्रश्न उरतोच.

तक्रारी मोजणारी सरकारी यंत्रणा असूनही काय होऊ शकतं, हे अमेरिकेत शेव्हरोले कोबाल्ट या छोट्या गाडीने दाखवलं. चावीच्या जुडग्याला गुडघा लागला की चालती गाडी बंद पडते, अशा तक्रारी 2005 पासून येत होत्या. असं इग्निशन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जातं आणि एअरबॅगही उघडत नाहीत. सरकारी यंत्रणेने 2007 आणि 2010 मध्ये आकडे पाहिले आणि चौकशीची गरज नाही असं ठरवलं. कोडं सुटलं ते मार्क हूड नावाच्या फ्लोरिडातल्या इंजिनिअरमुळे. अपघातात गेलेल्या एका तरुणीच्या खटल्यात तिच्या बाजूने तो काम करत होता. त्याने दुकानातून नवा इग्निशन स्विच विकत आणला, जुन्यासोबत एक्स-रेखाली ठेवला, उघडून मोजला. नव्या स्विचमधली चावीला जागेवर धरणारी खुंटी दीड मिलिमीटरच्या आसपास जास्त लांब होती आणि दोन्ही स्विचवर पार्ट नंबर एकच होता! कंपनीने सुधारणा गुपचूप केली होती, त्यामुळे तक्रारींच्या आकड्यांत जुने आणि नवे स्विच मिसळून गेले होते. 2014 मध्ये रिकॉल झालं. भरपाई निधीने मान्य केलेले मृत्यू 124. हूडचं नाव मात्र मोटारींच्या इतिहासात क्वचितच भेटतं.

आणि काही दोष असे, की मालक त्यांची तक्रार करूच शकत नाही.

2011 च्या अखेरीस टाटांनी सुमारे 1 लाख 15 हजार नॅनोंचे स्टार्टर मोटर बदलून देण्याचं जाहीर केलं. स्टार्टर कुरकुरला की सकाळी कळतं, माणूस वर्कशॉप गाठतो. गाडीचा सांगाडा कमकुवत असेल तर ते वर्षानुवर्षं कळत नाही. जानेवारी 2014 मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने नॅनो, अल्टो 800, आय-10, फिगो आणि पोलो यांची एअरबॅग नसलेली मॉडेलं ताशी 64 किलोमीटरने आदळवली. पाचही गाड्यांना शून्य तारे. या वेगाने आदळणं म्हणजे सोळा मीटर उंचीवरून पडणं. थांबायला साठ सेंटिमीटर मिळाले तर शरीरावर सरासरी 27 ‘जी’ येतात, तीसच मिळाले तर 54. म्हणून पुढचा भाग चुरगळायला हवा आणि माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहायला हवा. फिगो आणि पोलोचा पिंजरा टिकला. नॅनो, अल्टो आणि आय-10 चा कमी-जास्त प्रमाणात कोसळला आणि अशा सांगाड्यात एअरबॅग बसवूनही उपयोग नाही, असा निष्कर्ष निघाला. आगीच्या फोटोंनी नॅनोला बदनाम केलं. या निकालात तिच्या शेजारी अल्टो ही तेव्हाची देशातली सर्वांत खपाची गाडी होती, तिला फारसा धक्का बसला नाही.

आता आपल्याकडेही रिकॉलचा कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने तो आला, नियम एप्रिल 2021 पासून लागू झाले, आणि वार्षिक विक्रीच्या मानाने तक्रारी ठरावीक संख्येला पोचल्या तर सरकार सक्ती करू शकतं. गाडी सात वर्षांच्या आतली असावी, ही त्यातली अट. नॅनोचं उत्पादन 2018 मध्ये जवळपास थांबलं. त्यामुळे सुरतेत अजून फिरणाऱ्या नॅनो आता या हिशेबात बसत नाहीत, आणि कनेक्टरवरचा हिरवा थर तर वयाबरोबर वाढतच जातो.