वाड्यातील अतिथिकक्ष : चरकोक्त आगार आणि मराठवाड्याची माती

रुग्णाची सेवा औषधापासून नव्हे, तर त्याला जेथे ठेवावयाचे त्या जागेपासून सुरू होते, हा आयुर्वेदाचा विचार आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या 'उपकल्पनीय' अध्यायात वमन-विरेचनाचा विधी सांगण्याआधी आचार्य गृहाची सिद्धता सांगतात. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील अनेक वैद्यांच्या घराण्यात जुने वाडे आहेत. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेमुळे खासगी घरातील खोली पाहुण्यास देण्याची पद्धत आपल्याकडे परिचित झाली आहे. नांदेडला सचखंड गुरुद्वाराच्या दर्शनासाठी देशभरातून भाविक येतात; २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या वेळी या शहराने निवासव्यवस्थेचे महत्त्व प्रत्यक्ष अनुभवले. अशा स्थितीत वाड्यातील एखादे दालन पथ्याने राहू इच्छिणाऱ्या अतिथीसाठी सजवावे, असा विचार अनेकांच्या मनात येतो. तो स्वागतार्ह आहे. मात्र सजावटीचा क्रम आम्हास येथे मांडावासा वाटतो.

चरकाचार्यांनी गृहाच्या गुणांत प्रथम स्थान 'दृढ' या गुणास दिले आहे. त्यानंतर ते निवात असावे, पण त्याच्या एका भागात वारा खेळावा. आत सुखाने वावरता यावे. धूर, ऊन, पाणी व धूळ आत येऊ नये. अप्रिय शब्द व गंध तेथे पोहोचू नयेत, असे सांगितले आहे. पाणी, उखळ-मुसळ, शौचकूप, स्नानगृह व पाकगृह यांची सोयही सांगितली आहे. पलंग, पडदे आणि शोभेच्या वस्तू यांचा विचार या सर्वांनंतर करावयाचा आहे.

'दृढ' या एका शब्दाचे मोल आपल्या भागाने फार मोठ्या किमतीने जाणले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या जाड भिंती आणि माळवदावर वर्षानुवर्षे चढत गेलेला मातीचा थर ही प्राणहानीची मुख्य कारणे ठरली. भिंतीचे आतील व बाहेरील थर परस्परांना जोडणारे आरपार दगड नसल्याने ते फुगून सुटे झाले व कोसळले. अनेक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, पण त्याभोवतीची भिंत आत पडली. म्हणून वाड्याची जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, ही समजूत सोडली पाहिजे.

अतिथिकक्षासाठी पलंग घेण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याकडून दालनाची तपासणी करून घ्यावी. माळवदावरील जास्तीची माती उतरवून छत हलके करणे, भिंतीत ठरावीक अंतराने आरपार दगड बसविणे, दारे-खिडक्यांच्या वरून सर्व भिंतींना बांधणारा पट्टा घालणे आणि खांब-तुळयांचे सांधे घट्ट करणे, हे उपाय भूकंपानंतर या भागात शिफारशीने सांगितले गेले आहेत. पलंगाच्या डोक्याशी जड फडताळ किंवा भिंतीतील फळीवर तांब्या-पितळेची भांडी ठेवू नयेत. जुन्या वस्तू शोभतात, पण निजलेल्या माणसाच्या मस्तकावर त्या असू नयेत.

दालन निवडताना ऋतूचा विचार करावा. अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्याध्यायात हेमंतात उबदार आतले घर, ग्रीष्मात सुगंधी गार पाण्याने शिंपलेले पडदे आणि वर्षाऋतूत ओल व तुषार यांपासून दूर असलेला वरचा मजला सांगितला आहे. आपल्या वाड्यात हे तिन्ही आधीच आहे. माजघर थंडीसाठी, चौकाला लागलेली ओसरी उन्हाळ्यासाठी आणि माडी पावसाळ्यासाठी. मराठवाड्याच्या वैशाखात ओसरीला वाळ्याचे पडदे लावून ते ओले ठेवल्यास दुपार सुसह्य होते. एक सावधानता मात्र हवी. ग्रंथात निखाऱ्यांनी गृह उबविण्याचा उल्लेख असला तरी बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिच्यातून निघणारा विषारी वायू गंधाने कळत नाही व प्राण घेतो.

आता शय्या. सुश्रुताचार्यांनी व्रणिताच्या शय्येविषयी ती ऐसपैस, नीट अंथरलेली, मनाला रुचणारी व पूर्वेकडे डोके येईल अशी असावी, असे सांगितले आहे. नवारीचा किंवा फळ्यांचा पलंग, त्यावर कापसाची गादी, धुता येणारी सुती चादर आणि घरची गोधडी एवढे पुरे. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने 'नांदेड-४४' हे संकरित वाण देशाला दिले; त्या भूमीत पाहुण्यास कृत्रिम फोमची गादी देण्याचे प्रयोजन नाही. गादी वेळोवेळी उन्हात घालावी व कापूस पिंजून घ्यावा. पलंगाची उंची अशी असावी की बसल्यावर पाय जमिनीला टेकतील. शेजारी पाठ टेकता येईल अशी खुर्ची, तांब्या-भांडे, मंद दिवा, तस्त आणि हाक मारण्यासाठी घंटा ठेवावी. शोधनानंतर मोठ्याने बोलणे, फार बसणे, फार चालणे, दिवसा झोपणे वर्ज्य सांगितले आहे. म्हणून या दालनात दूरदर्शनसंच नसलेला बरा.

वाड्याचा उंच उंबरठा आणि माडीचा अरुंद जिना हे कृश माणसाचे शत्रू आहेत. उंबरठ्यावर उतरता फळा टाकावा व जिन्यास कठडा बसवावा. शौचालय दालनाला लागून, निसरडी नसलेली फरशी व धरावयास दांडी असलेले असावे.

पाण्याची सोय चरकांनी आवर्जून सांगितली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. अतिथिकक्ष सिद्ध करणाऱ्याने माळवदावरचे पावसाचे पाणी साठविण्याची व स्नानाचे पाणी बागेस वळविण्याची तजवीज आधी करावी. शेजाऱ्याच्या घागरीतून पाहुण्याचे स्नान होऊ नये.

शेवटी मर्यादेचा प्रश्न. अतिथिकक्ष म्हणजे रुग्णालय नव्हे. तेथे पथ्याहार, विश्रांती व दिनचर्या यांचा लाभ द्यावा. वमन-विरेचनादी शोधनकर्मे वैद्याच्या सतत देखरेखीत, उपद्रव हाताळण्याची सिद्धता असलेल्या चिकित्सालयातच करावीत. याच अध्यायात आचार्यांनी उपद्रवांच्या प्रतिकारासाठी सर्व सामग्री आधी जवळ ठेवण्यास सांगितले आहे, ते उगीच नाही. केवळ वाडा सुंदर आहे म्हणून तेथे 'पंचकर्म' असा फलक लावणे शास्त्राला धरून होणार नाही.

पूर्वजांनी बांधलेली वास्तू अतिथीच्या आरोग्यास उपयोगी पडावी, याहून तिचे चांगले जतन कोणते? मात्र त्या छताखाली परका माणूस विश्वासाने निजणार आहे. छत, पाणी आणि वाट यांची खात्री झाल्यावरच गोधडी अंथरावी, एवढीच आमची वैद्यबंधु-भगिनींस विनंती आहे.