गाडी सुरू होते, पण टिकत नाही!

पाऊस सरला, भातकापणी उरकली की महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर एक काम हमखास निघते. चार महिने ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी गाडी बाहेर काढायची! कुणाकडे मुंबईहून आणलेली पद्मिनी, कुणाकडे अॅम्बॅसेडर, तर कुणाकडे आजोबांच्या वेळची पेट्रोल जीप. बॅटरी चार्ज करून आणतात, सेल्फ मारतात, गाडी लगेच सुरू होते. पोरेटोरे खूश! आणि मिनिटभरात दोन आचके देऊन गाडी गप्प. पुन्हा सेल्फ, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. संध्याकाळपर्यंत बॅटरीही बसते आणि मालकही डोक्याला हात लावून बसतो.

मग सल्ल्यांना तोटा नसतो. एक म्हणतो कार्ब्युरेटर नवा टाका, दुसरा म्हणतो कॉइल बदला. तिसरा सरळ सांगतो, "इंजिन कामातून गेलंय, भंगारात घाला!" वाचकहो, यातला एकही सल्ला ऐकण्याआधी एवढे ध्यानात घ्या, की जी गाडी सुरू होते तिचे इंजिन मेलेले नाही. हवा, पेट्रोल आणि ठिणगी या तिन्ही गोष्टी जागेवर मिळाल्या म्हणूनच तिने पेट घेतला. पुढे यांतले काहीतरी तुटते. काय तुटते, ते बंद पडायला किती वेळ लागला यावरून बरेचसे कळते. म्हणून पान्हा हातात घेण्याआधी घड्याळाकडे बघा.

याची गरज आज जास्त आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली पद्मिनी २००० च्या सुमारास बनायची थांबली. अॅम्बॅसेडरचा उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ मध्ये बंद झाला. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. नवी पिढी कॉम्प्युटर लावून दोष शोधते. कार्ब्युरेटरची गाडी कानाने ओळखणारे मेस्त्री कमी होत चालले आहेत. अशा वेळी मालकालाच थोडेफार कळायला हवे. नाहीतर चिमूटभर कचऱ्यापायी घरची गाडी भंगारात जाते.

चावी सोडताच बंद

चावी सेल्फवर धरली आहे तोवर इंजिन बोलते आणि चावी सोडताक्षणी मरते, असे असेल तर पेट्रोलच्या मागे लागू नका. काही गाड्यांत सेल्फ मारताना कॉइलला एका वाटेने करंट मिळतो आणि चालू गाडीत दुसऱ्या वाटेने. ही दुसरी वाट तुटलेली असते. चावीच्या स्विचचा घासलेला कॉन्टॅक्ट, कॉइलची सैल वायर किंवा कॉइलच्या अलीकडचा जळालेला रेझिस्टर, एवढ्यातच शोधायचे. पावसाळ्यात बॉनेटखाली उंदरांचा मुक्काम असतो. कुरतडलेली वायर आधी डोळ्यांनी बघा.

मिनिटभर चालते, मग बंद

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारा प्रकार हाच. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची एक छोटी वाटी असते. गाडी सुरू होते ती या वाटीतल्या पेट्रोलवर. वाटी रिकामी झाली आणि मागून पेट्रोल आले नाही, की इंजिन बंद. थोडा वेळ सेल्फ मारला की वाटीत पुन्हा घोटभर जमते आणि गाडी पुन्हा मिनिटभर चालते.

अशा वेळी टाकीपासून पुढे येत जायचे. पहिली परीक्षा फुकटची आहे. टाकीचे झाकण काढा आणि गाडी सुरू करा. झाकण उघडताना 'फुस्स' झाले आणि आता गाडी टिकली, तर टाकीला हवा मिळत नव्हती. हवेचे बारीक भोक चिखलाने बुजते, कधी त्यात कुंभारीण मातीचे घर करून ठेवते. भोक मोकळे केले की काम झाले!

तेवढ्याने भागले नाही तर फिल्टर बघा. जुन्या जीपला काचेची वाटी असते, तिच्या तळाशी गाळ आणि पाणी लगेच दिसते. मग पंप, म्हणजे गॅरेजच्या भाषेत एसी पंप. इंजिन गार असताना कार्ब्युरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा, कॉइलची वायर काढून ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पेट्रोलच्या ठोक्याठोक्याने चांगल्या पिचकाऱ्या आल्या तर पंप ठीक. नुसते ठिबकले तर पंपाचा रबरी पडदा किंवा व्हॉल्व्ह गेला. ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल आणि ऑइल वाढलेले दिसत असेल, तर पडदा फाटून पेट्रोल इंजिनात उतरते आहे. अशी गाडी चालवायची नाही. पंप दुरुस्त करून ऑइल बदलायचे.

चोक आत ढकलला की बंद

चोक ओढलेला असताना चालते, आत ढकलला की मरते. याचा अर्थ हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडते. स्लो जेटमध्ये कचरा असेल किंवा कार्ब्युरेटरच्या खालचे गॅस्केट चोरून हवा घेत असेल. बोल्ट आवळून बघा. जेट काढला तर त्यात सुई, तार घालू नका, भोक मोठे झाले की जेट वाया गेला. हवेच्या झोताने साफ करा. याउलट सायलेन्सरमधून काळा धूर येऊन गाडी बंद पडत असेल आणि प्लग ओले निघत असतील, तर पेट्रोल जास्त होते आहे. चोक अडकला असेल, फ्लोटची सुई धरत नसेल किंवा हवेच्या फिल्टरमध्ये उंदराने गवत भरले असेल.

घाटात तापली की बंद

सकाळी पोलादपुरातून निघालेली गाडी आंबेनळी घाटात अर्ध्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. 'घाटातलं भूत' म्हणून गंमत करतात, पण भूत गरम इंजिनात असते. पेट्रोल नळीत आणि पंपात तापून वाफ होते, वाफेला पंप पुढे ढकलू शकत नाही. त्यात महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर. हवा विरळ होत जाते तसे मिश्रणात पेट्रोल जास्त होते आणि स्लो चालणारे इंजिन वळणावर गचके खाते. वरंधा घाटातही हीच कथा.

पण वाफ समजून फसू नका. तापलेली कॉइल आणि कमजोर कंडेन्सरही असेच वागतात. ओळखायचे कसे? बंद पडताक्षणी, गाडी गार व्हायच्या आत बघायचे. एक जादा प्लग वायरीला लावा, इंजिनाच्या लोखंडाला टेकवा, हात सुक्या फडक्यात धरा, पेट्रोलची नळी-बाटली लांब ठेवा आणि सेल्फ मारा. ठणठणीत निळी ठिणगी आली तर दोष पेट्रोलचा. ठिणगी पिवळट, अशक्त किंवा मुळीच नाही, तर कॉइल, कंडेन्सर, पॉइंट बघा. पॉइंटमधली फट बहुतेक गाड्यांत ०.४ ते ०.५ मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत सापडेल. वाफेचा त्रास असेल तर पंपावर ओले फडके हा जुना उपाय आजही लागू पडतो. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून लांब बांधणे.

पुराचे पाणी आणि आजचे पेट्रोल

आपल्या भागात पाणी हा गाडीचा पहिला शत्रू. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. सावित्री आणि गांधारी फुगल्या की महाडची बाजारपेठ पाण्यात. जुलै २००५ चा आणि २२ जुलै २०२१ चा महापूर कोण विसरेल? बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून चालू झाल्या, पण टाकीचा तळ कितींनी साफ केला? तिथे बसलेला गाळ आणि गंज वर्षांनंतरही हलतो आणि फिल्टरमध्ये येऊन बसतो.

त्यात पेट्रोल बदलले. इथेनॉलचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर आले. इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी पोटात सामावते, पण मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात. इंजिनाची नळी तर तळातूनच ओढते! वाटीतल्या चांगल्या पेट्रोलवर गाडी सुरू होते, पाणी येऊन पोचले की बंद. शिवाय जुने रबर, पंपाचा पडदा, बुचाच्या सालीची पॅकिंग हे सगळे साध्या पेट्रोलसाठी बनलेले. इथेनॉलने ते फुगते, कडक होते, आणि टाकीतला जुना मळ सुटून पुढे येतो.

परीक्षा सोपी आहे. टाकीच्या तळाच्या बोल्टातून काचेच्या बाटलीत पेट्रोल काढा आणि अर्धा तास हलवू नका. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करून धुवायची. त्या पेट्रोलमध्ये नवे ओतून 'चालून जाईल' म्हणू नका. बाहेर काढलेले पेट्रोल पऱ्ह्यात किंवा विहिरीच्या बाजूलाही ओतू नका. पडदा आणि नळ्या घेताना इथेनॉलला टिकणाऱ्या मागून घ्या. पुढच्या पावसाळ्याआधी टाकी भरून ठेवा म्हणजे आत ओली हवा राहणार नाही, आणि पंधरवड्यातून एकदा वीस मिनिटे गाडी उघड्यावर चालवा.

घाई नको

पेट्रोलचे काम करताना विडी-काडी लांब, बॅटरीची वायर काढलेली आणि जागा मोकळी हवी. बाटलीतून थेट कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतून गाडी चालवण्याचा उद्योग करू नका, भडका उडून हात-तोंड भाजते. घाटात गाडी बंद पडली तर आधी हँडब्रेक, गियर आणि चाकामागे दगड. निघताना तो दगड उचलून कडेला टाका, मागून मोटारसायकलवाला येतो आहे. इंजिन बंद असताना उतारावर गाडी सोडून देणे तर अगदी टाळा. ज्या गाड्यांत ब्रेकला इंजिनाच्या ओढीची मदत असते, तिथे पेडल दगडासारखे घट्ट होते.

एक वही गाडीत ठेवा. गाडी कधी बंद पडली, गार की गरम, चढावर की सपाटीवर, चोक कुठे होता, किती मिनिटांनी पुन्हा सुरू झाली, हे चार ओळींत लिहा. गॅरेजमध्ये जाऊन "चालता चालता बंद पडते" एवढेच सांगितले तर मेस्त्री अंदाजाने एकेक सामान बदलत बसतो आणि बिल आपल्या माथी. वही पुढे केली तर त्याचे निम्मे काम होते. एका वेळी एकच दुरुस्ती करा, गाडी चालवून बघा, मगच पुढच्या बोल्टाला हात लावा.