एका पानाला एक दिवस

“एवढ्याशा पानाला अख्खा दिवस?” भाषांतरकाराला कचेरीत हा प्रश्न नेहमीचाच. एकदा जुलाबाने बेजार झालेल्या बालकांसाठी साखर-मिठाच्या पाण्याची कृती मी मराठीत उतरवीत होतो. एक लिटर स्वच्छ पाण्यात ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पण चमचा कोणता? चहाचा ५ मिलिलिटरचा, मोठा १५ मिलिलिटरचा. आपण दोहोंनाही ‘चमचा’च म्हणतो. मीठ तिप्पट झाले, तर औषधच बाळाच्या जिवावर बेतावयाचे! विचारणाऱ्या सहकाऱ्यांपुढे, न रागावता, मी दोन्ही चमचे ठेवले. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, “‘चहाचा सपाट चमचा’ असे लिहा.” आपले काम दुसऱ्यास दिसत नसेल, तर ते दाखविणे हाही कामाचाच भाग होय.