तर्पण: तृप्त करण्याचा शब्द

तर्पण म्हटलं की भाद्रपदातला पितृपंधरवडा आठवतो, काळे तीळ आठवतात, घरातलं गेलेलं माणूस आठवतं. शब्दाच्या पोटात मात्र शोक कुठेच नाही. शाळेत संस्कृत शिकवताना मी फळ्यावर 'तृप्' धातू लिहायचे आणि मुलांना विचारायचे, याची घरातली पिल्लं सांगा. तृप्त, तृप्ती लगेच यायचं. 'संतर्पण' आजीआजोबांपाशी वाढलेल्या एखाद्यालाच ठाऊक असायचं. तर्पणही याच घरातलं. ऋग्वेदात देव सोमरस पिऊन तृप्त होतात, तेही याच धातूनं. ग्रीक भाषेतलं 'तेर्पो', म्हणजे आनंद देणं, हे त्याचं दूरचं भावंड. नृत्याची कलादेवता तेर्प्सिखोरी हिच्या नावात ते आहे. 'तर्पयामि' म्हणजे मी तृप्त करते, 'तृप्यतु' म्हणजे तृप्त होवो.

आम्ही दोघी बहिणीच. वडिलांनी मला मंत्रांआधी हात शिकवला. देवांसाठी पाणी बोटांच्या टोकांवरून सोडायचं, तेव्हा जानवं सव्य, तोंड पूर्वेला. ऋषींसाठी करंगळीच्या मुळापासून. जानवं गळ्यात माळेसारखं. पितरांसाठी अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून. तोंड दक्षिणेला, जानवं अपसव्य, पाण्यात काळे तीळ. ते तीळ तळहाताच्या रेषांत अडकून बसत आणि वडील पुढच्या नावाआधी पळीभर पाणी ओतून त्यांना वाट करून देत. माझ्या गळ्यात जानवं नव्हतं, तरी त्यांनी यातलं काहीही गाळलं नाही.

आम्ही ऋग्वेदी, आश्वलायन शाखेचे. त्या शाखेच्या गृह्यसूत्रातली तर्पणाची यादी प्रत्येकानं एकदा तरी सावकाश वाचावी असं मला मनापासून वाटतं. देवांच्या रांगेत दिवस-रात्र आहेत, समुद्र, नद्या, डोंगर, शेतं, औषधी, झाडं, पक्षी, गाई आहेत. राक्षसही आहेत आणि चक्क संख्याही आहेत! मग ऋषी आणि आचार्य: सुमंतु, जैमिनी, वैशंपायन, पैल. आणि त्यांच्याच ओळीत गार्गी वाचक्नवी, वडवा प्रातिथेयी, सुलभा मैत्रेयी. ज्या यादीत या तिघी मानानं बसल्या आहेत, ती बायकांनी म्हणू नये, हे मला कधीच पटलं नाही. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी स्त्रियांनाही पौरोहित्य शिकवते, याचा म्हणूनच मला फार आनंद आहे.

महालयात, म्हणजे पितृपंधरवड्यातल्या श्राद्धात, नावं आणखी वाढतात. आई-वडिलांकडच्या तीन तीन पिढ्या, काका, मामा, आत्या, मावशी, बहीण, सासरे, गुरू, शिष्य, स्नेही. ज्यांच्यामागे पाणी द्यायला कुणीच उरलं नाही, त्यांनाही एक ओंजळ असते.

मग हा शब्द इतका उदास का झाला? मला वाटतं, शेजारच्या दोन वाक्प्रचारांची सावली त्याच्यावर पडली. दान देताना हातावरून पाणी सोडायचं आणि 'न मम' म्हणायचं, वस्तूवरचा हक्क तिथे संपला. त्यातून आपलं 'पाणी सोडणं' आलं: भाऊ वाट्यावर पाणी सोडतो, कुणी नोकरीवर सोडतं. तिलांजली म्हणजे तिळाच्या पाण्याची ओंजळ, मृताला द्यायची. मराठीत 'तिलांजली देणं' म्हणजे कायमचं सोडून देणं. या दोन्हींत नातं तुटतं. तर्पणात ते तुटत नाही. मनुस्मृती तर्पणाला पितृयज्ञ म्हणते आणि गृहस्थाच्या रोजच्या पाच महायज्ञांत त्याची गणना करते. एकदाच करून मोकळं व्हायचं असतं, तर ते रोज कशाला सांगितलं असतं?

आता वडील नाहीत. सर्वपित्री अमावास्येला मी ताम्हण, पळी, पंचपात्र घेऊन बसते. गुरूंच्या जागी आले की ज्या बाईंनी मला आठवीत 'रामः रामौ रामाः' घोकून घेतलं, त्यांचं नाव घेते. त्यांचं गोत्र मला माहीत नाही. अशा वेळी काश्यप म्हणायची रीत आहे, तेच म्हणते.