नेटवर्क प्रोग्रॅमिंग व्याख्यानमाला: टीसीपी सर्व्हरचं सॉकेट कसं उभं राहतं

मागच्या व्याख्यानात आपण क्लायंटची बाजू पाहिली. तिथे काम सोपं होतं: सॉकेट घ्यायचं, पत्ता द्यायचा, कनेक्ट म्हणायचं. सर्व्हरचं तसं नाही. कोण येणार, कधी येणार, किती जण येणार, हे त्याला आधी माहीत नसतं. त्याला वाट पाहत बसायचं असतं. ही वाट पाहण्याची व्यवस्था कशी लावतात, तेवढंच आज पाहू.

पद्धत जुनी आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९८३ साली बीएसडी युनिक्सची ४.२ ही आवृत्ती आली, तिच्यासोबत सॉकेटचे हे कॉल आले. आज लिनक्स घ्या, विंडोज घ्या, पायथन घ्या, जावा घ्या. क्रम तोच आहे: सॉकेट, बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट.

पहिला कॉल सॉकेट. युनिक्सवर त्यातून आपल्या हाती एक लहानसा पूर्णांक येतो, फाइल डिस्क्रिप्टर. या सॉकेटला अजून ना पत्ता आहे, ना काम.

पत्ता देतो बाइंड: एक आयपी पत्ता आणि एक पोर्ट. पोर्ट १६ बिटांचा, म्हणजे ० ते ६५,५३५. आयपीच्या जागी १२७.०.०.१ दिलात, तर फक्त त्याच यंत्रावरचे प्रोग्रॅम येऊ शकतात. ०.०.०.० दिलात, तर यंत्राच्या सगळ्या पत्त्यांवर दार उघडं. शिकत असताना पहिलाच वापरा. सी भाषेत लिहिणाऱ्यांनी आणखी एक सांभाळायचं. पोर्टचा आकडा एचटॉन्स या फंक्शनमधून न्यायचा. ते विसरलं, तर नेहमीच्या पीसीवर ८०८० ऐवजी सर्व्हर ३६८९५ वर जाऊन बसतो, आणि चूक झाल्याचं कुणी सांगतही नाही.

आता लिसन. इथे आपण ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो की हे सॉकेट बोलायचं नाही, येणाऱ्यांची वाट पाहायचं आहे. सोबत एक आकडा देतो, त्याला बॅकलॉग म्हणतात: किती जण रांगेत थांबू द्यायचे. लिनक्समध्ये या आकड्यावर सिस्टिमची स्वतःची कमाल मर्यादा असते. ती बरीच वर्षं १२८ होती, कर्नलच्या ५.४ आवृत्तीपासून ४०९६ झाली.

आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. आमचाही झाला होता, तो सांगतो.

आम्ही एकदा सरावासाठी छोटा सर्व्हर लिहिला. क्लायंट जे पाठवेल ते त्याला परत करायचं, बस. पाच लॅपटॉप जोडले. पहिल्याने कनेक्शन उघडलं आणि काही टाइप न करता तो चहाला गेला. बाकी चौघांच्या पडद्यावर 'जोडणी झाली' असं आलं, पण उत्तर काही येईना. आम्ही केबल तपासली, फायरवॉल बंद करून पाहिला, राउटर बदलला. तासभर गेला. नेटवर्क बिचारं ठीक होतं, चूक आमच्या प्रोग्रॅममध्ये होती.

झालं असं होतं. सिन, सिन-ॲक, ॲक हे टीसीपीचे तीन निरोप आपला प्रोग्रॅम पाठवत नाही, कर्नल पाठवतो. लिसन झाल्यापासून कर्नल परस्पर हात मिळवतो आणि पूर्ण झालेली जोडणी रांगेत लावतो. क्लायंटचा कनेक्ट तिथेच यशस्वी होतो. दवाखान्यात कंपाउंडर नंबर लावून घेतो ना, तसंच हे. नंबर लागला म्हणजे डॉक्टरांनी तपासलं असं नाही. डॉक्टरांना तुम्ही आलात हेसुद्धा ठाऊक नसेल.

डॉक्टरांनी आत बोलावणं म्हणजे ॲक्सेप्ट. तो रांगेतली पहिली जोडणी उचलतो आणि तिच्यासाठी नवं सॉकेट देतो. बोलणं या नव्या सॉकेटवर होतं; जुनं आपलं दाराशी बसून राहतं. नव्याला नवा पोर्ट मिळतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, सर्व्हरचा पोर्ट तोच राहतो. दोन्हीकडचे आयपी आणि दोन्हीकडचे पोर्ट, या चार गोष्टी मिळून एक जोडणी ओळखली जाते, म्हणून एकाच पोर्टवर हजारो जण बोलू शकतात.

आमच्या प्रोग्रॅमने पहिल्याला ॲक्सेप्ट केलं आणि त्याच लूपमध्ये तो काय पाठवतो ते वाचायला थांबला. पाठवणारा चहाच्या टपरीवर! तो बोलेपर्यंत पुढचा ॲक्सेप्ट होणार कसा? एक गप्प माणूस अख्खी रांग अडवू शकतो, मग तो विसरभोळा असो की मुद्दाम आलेला. रांगही भरली, तर लिनक्स सहसा नव्या विनंतीला उत्तरच देत नाही, आणि क्लायंट पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो.

उपाय तीन प्रकारचे. प्रत्येक जोडणीला वेगळा थ्रेड किंवा प्रोसेस द्यायची. किंवा पोल, ईपोल वापरून ज्याच्याकडे काही आलं आहे त्याच्याकडेच वळायचं. आणि दोन्हींत वाचण्याला वेळेची मर्यादा घालायचीच. नुसता बॅकलॉग वाढवून हा प्रश्न सुटत नाही. बाकडं लांब होतं इतकंच.

घरी एक प्रयोग करून पाहा. लिसनपर्यंतचा सर्व्हर लिहा, ॲक्सेप्ट लिहूच नका, प्रोग्रॅम झोपवून ठेवा. दुसऱ्या खिडकीतून नेटकॅटने जोडा. जोडणी होईल, तुम्ही टाइप केलेलं जाईलसुद्धा. ते कर्नलच्या बफरमध्ये पडून राहील. मग लिनक्सच्या 'एसएस' या आज्ञेने ऐकणारी सॉकेट पाहा. तुमच्या पोर्टसमोर रिसीव्ह-क्यूच्या रकान्यात १ दिसेल. तोच बाकड्यावर बसलेला माणूस. सर्व्हर 'चालू आहे पण उत्तर देत नाही' अशी तक्रार आली, की राउटर बदलण्याआधी हा रकाना बघायचा.

पुढच्या वेळी ईपोल सविस्तर घेऊ.