परवडणारी घरे, नासिकमधील

मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाला अन्नवस्त्रादी गरजांना कात्री न लावता विकत अथवा भाड्याने घेता येईल, असे टिकाऊ व आरोग्यास पोषक निवासस्थान म्हणजे परवडणारे घर होय. शासनव्यवहारात मात्र या संज्ञेला एकच एक अर्थ नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न, घराचे क्षेत्रफळ व किंमत यांच्या मर्यादा प्रत्येक योजना स्वतंत्रपणे ठरविते आणि घर कोणाला मिळावयाचे, हे त्या मर्यादांवरून निश्चित होते. नासिक शहरात १९७०–८० च्या दशकात सार्वजनिक संस्था स्वतः भूमी संपादून घरे बांधीत असत. २०१३ पासून खाजगी विकसकाने बांधलेल्या घरांतील काही वाटा राखून ठेवण्याच्या तरतुदीस अधिक महत्त्व आले. या बदलामुळे गरजू कुटुंबाला योजनांची परिभाषा व संस्थांची अधिकारकक्षा माहीत असणे पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक झाले आहे.

पार्श्वभूमी : नासिक रोड येथील भारत प्रतिभूती मुद्रणालय (१९२५) व चलनी नोटांचे मुद्रणालय (१९२८), त्यानंतर ओझर येथील विमान कारखाना आणि सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती यांमुळे नासिक परिसरात कामगारवस्ती वाढत गेली. नासिक नगरपालिका, नासिक रोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि आसपासची काही गावे एकत्र करून ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नासिक महानगरपालिका अस्तित्वात आली. महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १९९१ मध्ये ६,५६,९२५, २००१ मध्ये १०,७७,२३६ व २०११ मध्ये १४,८६,०५३ होती. म्हणजे वीस वर्षांत ती सु. सव्वादोन पट झाली. या वाढीच्या वेगाने अल्प किंमतीची घरे निर्माण झाली नाहीत. परिणामी नदीनाल्यांच्या काठी, शासकीय मोकळ्या जागांवर व औद्योगिक वसाहतींच्या कडेने झोपडपट्ट्या उभ्या राहिल्या.

संस्था : राज्यातील सार्वजनिक गृहनिर्माणासाठी मुंबई गृहनिर्माण मंडळ अधिनियम, १९४८ हा कायदा करण्यात आला. पुढे १९७६ च्या अधिनियमान्वये ‘महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण’ (म्हाडा) ५ डिसेंबर १९७७ पासून कार्य करू लागले. या प्राधिकरणाच्या विभागीय मंडळांपैकी नासिक मंडळाकडे नासिक, धुळे, नंदुरबार, जळगाव व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हे जिल्हे येतात.

‘शहर व औद्योगिक विकास महामंडळ’ (सिडको) १७ मार्च १९७० रोजी स्थापन झाले. नव्या मुंबईच्या उभारणीसाठी निघालेल्या या महामंडळाने अंबड औद्योगिक वसाहतीलगत ‘नवीन नासिक’ हे उपनगर सहा योजनांच्या रूपाने वसविले. त्यांत वीस हजारांहून अधिक घरे बांधण्यात आली. त्यांतील बहुसंख्य घरे लहान होती व भूखंड भाडेपट्ट्याने दिलेले होते. कुटुंबाची ऐपत वाढेल तसे घर वाढवीत नेता यावे, या विचाराला अशा बैठ्या घरांत वाव होता. प्रत्यक्षात रहिवाशांनी खोल्या व मजले चढवून मूळ घरांचे रूप पालटून टाकले. लोकव्यवहारात या संपूर्ण उपनगरासच ‘सिडको’ हे नाव रूढ झाले आहे. तेथील नागरी सेवांची जबाबदारी पुढे महानगरपालिकेकडे आली.

नासिक महानगरपालिका बांधकाम-परवानगी देते, झोपडपट्टी सुधारणेची कामे करते आणि केंद्रपुरस्कृत घरकुल योजना राबविते. शहराच्या हद्दीबाहेर नासिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रातील परवानग्या त्या प्राधिकरणाकडे आहेत. अनुसूचित जमातींसाठी शबरी घरकुल योजना आदिवासी विकास विभाग राबवितो. त्या विभागाचे आयुक्तालय नासिक येथेच आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठीची रमाई आवास योजना सामाजिक न्याय विभागाच्या अखत्यारीत येते. विकसकाने दिलेल्या अभिवचनांची तड लावण्याचे काम ‘महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण’ (महारेरा) १ मे २०१७ पासून करीत आहे. हे प्राधिकरण घरे बांधत वा वाटत नाही.

परिभाषा : उत्पन्न गट ही यांतील मूळ संज्ञा होय. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पाहून अत्यल्प, अल्प, मध्यम व उच्च असे चार गट पाडतात. म्हाडासाठी २०२२ मध्ये ठरविलेल्या मर्यादांनुसार दहा लक्षांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत अत्यल्प गट सहा लक्ष रुपयांपर्यंत, अल्प गट नऊ लक्षांपर्यंत व मध्यम गट बारा लक्षांपर्यंत धरला जातो. नासिक शहर या वर्गात मोडते. राज्याच्या लहान शहरांत अत्यल्प गटाची मर्यादा साडेचार लक्ष, तर अल्प गटाची साडेसात लक्ष रुपये आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात हेच गट अनुक्रमे तीन, सहा व नऊ लक्षांपर्यंत आहेत. त्यामुळे वर्षाला चार लक्ष रुपये मिळविणारे नासिकमधील कुटुंब म्हाडाच्या दृष्टीने अत्यल्प, तर केंद्रीय योजनेच्या दृष्टीने अल्प उत्पन्न गटात पडते. गट चुकीचा नोंदविल्यास अर्ज बाद होण्याचा संभव असतो.

घर नसण्याची अटही दोन्हीकडे सारखी नाही. केंद्रीय योजनेत अर्जदार कुटुंबाचे देशात कोठेही पक्के घर नसावे लागते. म्हाडाच्या योजनेत सामान्यतः त्याच नागरी क्षेत्रात अर्जदार, त्याची पत्नी वा पती किंवा अज्ञान मुले यांच्या नावे घर नसावे, अशी अट असते. गावाकडे वडिलोपार्जित घर असलेल्या कामगाराच्या दृष्टीने हा भेद निर्णायक ठरतो.

क्षेत्रफळाच्या संज्ञांतही घोटाळा होतो. घराच्या आतील प्रत्यक्ष वापराच्या जागेस चटईक्षेत्र म्हणतात. ‘चटईक्षेत्र निर्देशांक’ हा मात्र भूखंडाच्या क्षेत्रफळाशी एकूण अनुज्ञेय बांधकामाचे असलेले गुणोत्तर दर्शवितो. त्याचा एखाद्या सदनिकेच्या आकाराशी थेट संबंध नाही. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ अन्वये सदनिकेची विक्री चटईक्षेत्रावर व्हावी लागते. जिना, मार्गिका इत्यादींचा वाटा मिळवून सांगितलेल्या फुगीर क्षेत्रफळावरून किंमतीची तुलना करणे दिशाभूल करणारे ठरते.

भाडेपट्टा व मालकी यांतील भेदही ध्यानात घ्यावा लागतो. भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील घर विकताना, गहाण ठेवताना अथवा वारसाच्या नावे करताना भूमी देणाऱ्या संस्थेची अनुमती व हस्तांतरण शुल्क यांचा प्रश्न उपस्थित होतो.

कार्यक्रम : नागरी जमीन (कमाल धारणा व विनियमन) अधिनियम, १९७६ नासिकलाही लागू होता. अतिरिक्त जमिनीवर दुर्बल घटकांसाठी घरे बांधण्याच्या अटीवर जमीनधारकास सूट देण्याची तरतूद त्यात होती. राज्याने नोव्हेंबर २००७ मध्ये या कायद्याचे निरसन स्वीकारल्यावर स्वस्त घरांसाठी जमीन उपलब्ध होण्याचा हा मार्ग बंद झाला.

डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात नासिकचा समावेश होता. त्यातील शहरी गरिबांसाठीच्या उपक्रमाखाली महानगरपालिकेने चुंचाळे, वडाळा इ. ठिकाणी बहुमजली घरकुले बांधली. जागेच्या अडचणीमुळे मूळ उद्दिष्टापेक्षा कमी घरे पूर्ण झाली. झोपडीतून बहुमजली इमारतीत गेलेल्या कुटुंबांपुढे कामाच्या ठिकाणापासूनचे अंतर आणि उद्वाहन, पाणी व स्वच्छता यांचा सामाईक खर्च हे नवे प्रश्न उभे राहिले.

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ रोजी जाहीर झाली. झोपडपट्टीचा जागीच पुनर्विकास, कर्जाच्या व्याजावरील अनुदान, भागीदारीतून परवडणारी घरे आणि लाभार्थीने स्वतःच्या जागेवर करावयाचे बांधकाम असे तिचे चार घटक होते. शेवटच्या दोन घटकांत केंद्राकडून प्रत्येक घरासाठी दीड लक्ष व राज्याकडून एक लक्ष रुपये देण्याची व्यवस्था होती. दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठीचा व्याज-अनुदानाचा घटक ३१ मार्च २०२२ रोजी समाप्त झाला. योजनेचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झाला असून त्यात भाड्याच्या परवडणाऱ्या घरांचा घटक समाविष्ट आहे. स्वतःच्या जागेवरील बांधकामाच्या घटकाचा लाभ घेण्यासाठी जागेचा कायदेशीर हक्क सिद्ध करावा लागत असल्याने भाडेकरू व अतिक्रमित जागेवरील रहिवासी त्यापासून वंचित राहतात.

वीस टक्के राखीव घरे : दहा लक्ष वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत मोठ्या गृहप्रकल्पांतील वीस टक्के वाटा अत्यल्प व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवण्याची तरतूद राज्याने २०१३ मध्ये केली. डिसेंबर २०२० च्या एकात्मिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही ती ‘सर्वसमावेशक गृहनिर्माण’ या नावाने आहे. ४,००० चौ. मी. किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रावरील अभिन्यासास ती लागू होते. वाटा भूखंडांच्या किंवा तयार सदनिकांच्या रूपाने द्यावयाचा असतो. भूखंड ३० ते ५० चौ. मी. आकाराचे असतात. या सदनिकांची किंमत बाजारभावाने न ठरता बांधकाम खर्चाच्या शासकीय दराशी निगडित असते आणि लाभार्थींची निवड म्हाडा करते.

या व्यवस्थेची साखळी लांब आहे. महानगरपालिकेने परवानगी देताना राखीव वाट्याची नोंद करणे, ती म्हाडास कळविणे, विकसकाने घरे पूर्ण करणे व म्हाडाने ठरीव मुदतीत लाभार्थींची यादी देणे, हे सर्व टप्पे जुळून यावे लागतात. एक दुवा निखळला, तर घर नियमात राहते, पण यादीत येत नाही. तसेच ४,००० चौ. मी.हून लहान तुकड्यांवर स्वतंत्र परवानग्या घेतल्यास तरतूद लागूच होत नाही. २०२२ च्या पूर्वार्धात नासिकमधील मोठ्या प्रकल्पांतून अपेक्षित घरे म्हाडाकडे आली नसल्याचा आक्षेप राज्यस्तरावर घेण्यात आला व विधान परिषदेतही त्यावर चर्चा झाली. त्यानंतर नासिक मंडळाच्या सोडतींत या तरतुदीखालील खाजगी प्रकल्पांतील घरांचा समावेश होत राहिला.

वाटपपद्धती : घरांची संख्या अर्जांपेक्षा कमी असल्यामुळे वाटप सोडतीने, म्हणजे चिठ्ठ्या काढण्यासारख्या यादृच्छिक निवडीने होते. जानेवारी २०२३ पासून नोंदणी, कागदपत्रांची तपासणी व सोडत संगणकीय प्रणालीद्वारे होते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र व आरक्षित प्रवर्गासाठी जातीचे प्रमाणपत्र ही मुख्य कागदपत्रे होत. अर्जासोबत भरलेली अनामत रक्कम अयशस्वी अर्जदारास परत मिळते. यशस्वी अर्जदारास देकारपत्र, किंमतीचा भरणा केल्यावर वाटपपत्र व शेवटी ताबा मिळतो. मागणी न आलेली घरे ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ या तत्त्वावरही दिली जातात. म्हाडाने वाटपासाठी कोणीही मध्यस्थ वा दलाल नेमलेला नाही. सोडतीबाहेर घर मिळवून देण्याच्या नावाखाली घेतलेल्या रकमेला कोणतेही संरक्षण नसते.

मर्यादा : सोडतीत नाव लागणे म्हणजे घर हाती येणे नव्हे. रोजंदारीवरील कामगार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, फेरीवाले, रिक्षाचालक इत्यादींना नियमित वेतनाचा पुरावा देता येत नसल्याने बँकेचे कर्ज मिळणे कठीण जाते. कर्जाअभावी मुदतीत भरणा न झाल्यास घर परत करावे लागते व ते प्रतीक्षा यादीवरील अधिक ऐपतीच्या अर्जदाराकडे जाते. यामुळे ज्या गटासाठी योजना आखलेली असते, त्यातील सर्वांत निकडीच्या कुटुंबांपर्यंत ती पोहोचत नाही. विक्रीच्या घरांवरील भर, भाड्याच्या घरांची उणीव व शहराच्या कडेला ढकलली गेलेली ठिकाणे ही या व्यवस्थेची अन्य वैगुण्ये होत. नवीन नासिकच्या उभारणीत भूमी, बांधकाम व वाटप एकाच संस्थेकडे असल्याने उत्तरदायित्व स्पष्ट होते. राखीव वाट्याच्या पद्धतीत ते विकसक, महानगरपालिका व म्हाडा यांत विभागले गेले आहे. प्रत्येक प्रकल्पातील राखीव घरांची संख्या, त्यांची सद्यःस्थिती व वाटप यांची माहिती नागरिकांस वेळोवेळी व एकत्रित स्वरूपात मिळणे, ही या पद्धतीच्या यशाची मूलभूत अट होय.