काळ्या रेघांची मोजणी

राजापूरकडच्या एका वाचकाचे पत्र आले. पत्रातला प्रश्न रोखठोक आहे : वाऱ्याने आणलेल्या धुळीचा जो काळपट लेप वाळवंटातल्या खडकावर चढतो, त्या वार्निशमधल्या पोटॅशियम-कॅल्शियम-टायटॅनियमवरून वय काढण्याचा हिशेब मोडीत निघाला, तर कॅलिफोर्नियातल्या कोसो डोंगरांवर कोरलेल्या मेंढ्यांचे वय कशाच्या जोरावर सांगतात? आणि आमच्या कोकणातल्या सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरच्या, कोरीव चित्रांना तीच युक्ती का लावत नाहीत?

मेंढ्यांपासून सुरुवात करू.

वार्निशच्या जाडीवरून वय काढण्याचा मोह कुणालाही होईल, पण तो सोडलेला बरा. हजार वर्षांत हा लेप कुठे जेमतेम एक मायक्रॉन वाढतो, तर कुठे चाळीस. तांझुओ लियू यांनी म्हणून जाडीचा नाद सोडला आणि थरांचा क्रम धरला. कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमाँट-डोहर्टी वेधशाळेत वॉलेस ब्रोकर यांच्या सोबतीने ते वर्षानुवर्षे वार्निशचे काप घासत बसले.

घासत, हे अगदी शब्दशः. आधी खडकावर मिलिमीटर-दोन मिलिमीटरची खळगी शोधायची, कारण तिथे धूळ निवांत साठते आणि थर एकावर एक नीट बसतात. तो तुकडा काचेवर चिकटवायचा आणि ५ ते १० मायक्रॉन उरेपर्यंत घासायचा. भूशास्त्राच्या वर्गात पोरे खडकाचा काप ३० मायक्रॉनवर आणून सोडतात. वार्निशच्या बाबतीत तिथे थांबले तर प्रकाश आरपार जात नाही, सगळे काळेठिक्कर दिसते. उलट चार फेऱ्या जास्त झाल्या, की काही हजार वर्षे पाण्याबरोबर वाहून गेली! यंत्रापेक्षा बोटांवर भिस्त असलेले हे काम, आणि ते जमणारी माणसेही बोटांवर मोजण्याइतकीच.

काप साधला, की सूक्ष्मदर्शकाखाली काळे, नारिंगी, पिवळे पट्टे उमटतात. काळ्यात मँगनीज भरपूर, म्हणजे तो ओलाव्याचा काळ. पिवळ्यात ते कमी, म्हणजे कोरड्याचा. गेल्या सुमारे १२,००० वर्षांच्या भागात लियूंना फिकट काळ्या १२ रेघा सापडल्या. सगळ्यांत वरची रेघ ‘छोट्या हिमयुगा’तली; आपला शिवकाळ याच हिमयुगात येतो. मेंढा कोरताना जुने वार्निश उडते आणि खाचेत नवे धरू लागते. त्या नव्यातल्या रेघा मोजल्या, की चित्र निदान किती जुने हे कळते. निदान एवढ्यासाठी, की कोरल्यावर लेप कधी धरू लागला हे खडक सांगत नाही.

वार्निशवरून वय सांगण्याची १९९०च्या दशकात झालेली बदनामी ताजी असताना या रेघांवर कोण विश्वास ठेवणार? ‘जिओमॉर्फॉलॉजी’ या नियतकालिकाचे संपादक रिचर्ड मार्स्टन यांनी मग झाकली परीक्षा घेतली. मोहावी वाळवंटातल्या लाव्हाप्रवाहांची वये लियूंनी रेघांवरून सांगायची, आणि फ्रेड फिलिप्स यांनी क्लोरिन-३६ या समस्थानिकावरून काढलेल्या वयांशी ती ताडून पाहायची. दोन्ही उत्तरे २००३ मध्ये छापली गेली आणि बरीचशी जुळली. मात्र रेघांचे हे कोष्टक अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या पावसापाण्याचे आहे. ते उचलून थरच्या वाळवंटाला लावणे म्हणजे पुण्याचे पंचांग घेऊन लंडनचा सूर्योदय सांगणे.

आता सडा. कोकणची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हापासून ‘वय किती’ हा प्रश्न जोरात आहे. पण वार्निश टिकायला कोरडी हवा लागते, आम्लाचा संसर्ग चालत नाही. दगडफुलाने सोडलेले आम्लसुद्धा ते विरघळवते. कोकणात चार महिने कातळ धुऊन निघतो आणि शेवाळ चढते. शिवाय जांभा स्वतःच लोहाने भरलेला. त्याच्यावरचा काळपटपणा वाऱ्याने आणलेल्या धुळीचा लेप नव्हे. घासायला काप मिळेल, मोजायला रेघ मिळणार नाही.

वाचकाच्या चिकाटीला एक दुसरी वाट सुचवता येईल. सड्यावर गेंडा कोरलेला आहे आणि आज कोकणात गेंडा नाही. त्याचे हाड किंवा दात जवळपासच्या एखाद्या गुहेच्या मातीत वय काढता येईल अशा थरात निघाला, तर कोरणाऱ्याने गेंडा डोळ्यांनी पाहिला असण्याचा काळ तरी हाती लागेल.